जुन्या पिकअपच्या हौद्याला अस्तर घालताना

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर कानोता हे गाव येतं. गावाला ढूंढ नदीवरचं धरण आहे, ठाकुरांचा जुना किल्ला आहे आणि दिवसरात्र वाहणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. एके काळी या महामार्गाचा क्रमांक ११ होता, आता तो २१ झाला आहे. हाच रस्ता पुढे दौशाला आणि तिथून सिकंदऱ्याला जातो. सिकंदरा म्हणजे दगड घडवणाऱ्यांचं गाव. खांब, जाळ्या, कमानी, कारंजी, मूर्ती असं सारं तिथं दगडातून उतरतं. त्यामुळे या रस्त्यावर घडवलेला दगड धावतो. जोडीला जयपूरला जाणारं दूध, भाजी, गुरांचा चारा आणि वाढत्या शहराला लागणारं सिमेंट-सळई असतंच. यातला बराचसा माल ज्या गाडीतून जातो, ती म्हणजे पिकअप.

समजा, कानोत्यातल्या एका कुटुंबानं पंधरा वर्षांची अशीच एक पिकअप विकत घेतली. इंजिन ठीक, टायर बरे, कागदपत्रं चोख. पुढचा मालक नुसता चालक नाही. त्याच गाडीवर घर चालणार आहे, मुलांची फी भरायची आहे, बँकेचा हप्ता फेडायचा आहे. गाडी दारात आली की पहिला सल्ला मिळतो, ‘हौद्यात काहीतरी टाकून घ्या, नाहीतर पत्रा जाईल.’ सल्ला देणारे दहा आणि त्यांचे सल्लेही दहा! कुणी म्हणतं लोखंडी पत्रा ठोका, कुणी म्हणतं रबर अंथरा, कुणी म्हणतं प्लायवूड बसवा. शहरातल्या दुकानात तर फवाऱ्यानं काळं अस्तर मारून देतात, असंही कळतं.

मग निवडायचं काय? या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही. ते त्या हौद्याच्या पत्र्यात आणि रोजच्या मालात असतं.

अस्तर संरक्षण करतं आणि लपवतंही

नव्या गाडीला अस्तर घालणं सोपं. रंग शाबूत असतो, पत्रा कोरा असतो. तो तसाच ठेवायचा, एवढंच काम. जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या हौद्यात रंग कधीच खरवडला गेलेला असतो. कोपऱ्यांत माती साचलेली असते, फाळक्याच्या बिजागरीपाशी पाणी मुरलेलं असतं. अशा पत्र्यावर वरून काहीही झाकलं की तो सुरक्षित होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

गंजाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. अस्तराखाली शिरलेलं पाणी उन्हानं वाळत नाही. हवा मात्र फटीतून पोचतच राहते. म्हणजे झाकलेला ओला पत्रा उघड्या पत्र्यापेक्षा लवकर कुजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला आधी फुगवटे येतात, मग पापुद्रे सुटतात आणि एके दिवशी दगडाचं टोक आरपार जातं. तोवर खालच्या आडव्या पट्ट्याही गेलेल्या असतात आणि खर्च पत्र्यापुरता राहत नाही.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. हौद्यात चकचकीत काळं अस्तर दिसलं की मन खूश होतं. पण सौदा करण्याआधी ते उचलून पाहावं. विकणारा ‘कशाला उगाच काढता, पक्कं बसवलंय’ असं म्हणाला, तर दुप्पट आग्रहानं पाहावं!

राजस्थानची हवा कोरडी, तिथं कसला आला गंज, असंही वाटेल. ते अर्धंच खरं आहे. कानोत्याच्या परिसरात पाऊस प्रामुख्यानं जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. मालवणला किंवा रत्नागिरीला मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्यात रोज झिरपतं, तसं इथं नाही. पण दुधाच्या कॅनमधून सांडणारं दूध आंबतं आणि त्यात आम्ल तयार होतं. शेणखत आणि रासायनिक खतं लोखंडाचे वैरीच. ओली वाळू पाणी धरून ठेवते. आणि रोज संध्याकाळी पाइप लावून हौदा धुतला जातो, ते पाणी कुठं जातं? ते अस्तराखालीच जातं.

पाच मिनिटांची तपासणी

पत्रा तपासायला कुठलं यंत्र लागत नाही. एक छोटी हातोडी, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक टॉर्च पुरे.

हौदा झाडून, धुऊन, वाळवून घ्यावा. मग हातोडीनं हलकेच ठोकत जावं. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथं आवाज बदलतो तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. टोक आत रुतलं तर तो भाग संपला असं समजावं. मग गाडीखाली शिरून चॅसीवरच्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात आणि अंधार पडल्यावर खालून टॉर्च मारावा. हौद्यात चांदण्या दिसल्या, तर अस्तराचा विचार थांबवून आधी वेल्डर गाठावा.

कुजलेला भाग कापून तिथं नवा तुकडा जोडून घेणं हे खरं पहिलं काम. बाकीच्या पत्र्यावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशनं किंवा ग्राइंडरवर तारेची वाटी लावून काढावा. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटणारी तार गोळीसारखी येते. खोल खड्ड्यांतल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्ल असलेलं गंजनाशक द्रावण मिळतं. ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावून पत्रा पूर्ण वाळू द्यावा. मग प्राइमर आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत.

इथं एक चूक हमखास होते. लाल रेडऑक्साइड मारलं की काम झालं, असं अनेक जण धरून चालतात. रेडऑक्साइड हा पाया आहे, छप्पर नव्हे. एकट्या प्राइमरमधून ओल आत जातेच. वरचा रंग हवाच. हे सगळं काम उन्हाळ्यात, पावसाच्या बरंच आधी उरकलेलं बरं.

ज्याचा पत्रा असा नीट झाला, त्याला निम्मं अस्तर मिळालं. उरलेलं निम्मं निवडायचं ते माल पाहून.

कुठल्या मालाला काय?

साधं प्लायवूड. १२ मिलिमीटरचं, पाण्यात टिकणारं प्लायवूड हा जुना उपाय. कुठंही मिळतं, सुतार तासाभरात कापून देतो, मोडलं तर बदलता येतं. धक्का ते स्वतः सोसतं. पण कडा उघड्या राहिल्या तर पाणी पितं आणि खालचा पत्रा ओला ठेवतं. म्हणून कडांना रंग द्यावा आणि खाली पातळ पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवावी. ओल्या मालासाठी हा पर्याय नाही.

रबरी मॅट. जुन्या गाडीला बहुतेक वेळा हीच सोयीची. रबर दगडाचा धक्का पचवतं, कॅन आणि क्रेट घसरू देत नाही, आवाजही कमी करतं. खडी क्रशर, सिमेंट आणि साखर कारखान्यांतून निघालेले जुने कन्व्हेयर पट्टे भंगारात मिळतात. तेही उत्तम चालतात, कारण त्यांच्या आत कापडाचे थर असतात. महाराष्ट्रातल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरांना गोठ्यातली जाड रबरी मॅट ठाऊकच आहे. म्हैस किंवा शेळ्या न्यायच्या असतील तर तिच्यासारखी दुसरी नाही, कारण जनावराचा पाय सरकत नाही. मात्र जुन्या रबराला वास असतो. सुटी भाजी थेट त्यावर न टाकता मध्ये स्वच्छ ताडपत्री घालावी.

लोखंडी चेकर्ड प्लेट. वर उठावाची नक्षी असलेला हा जाड पत्रा सगळ्यात दणकट. खांडकी, डबर, भंगार असा फेकून भरायचा माल असेल तर त्याला तोड नाही. पण तो वेल्डिंगनं कायमचा जोडला की खाली काय चाललंय ते पुन्हा कधीच दिसत नाही. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेनं खालचा रंग जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बसवायचाच असेल तर नटबोल्टनं, काढता येईल असा बसवावा आणि खाली रबराची पातळ पट्टी द्यावी.

ॲल्युमिनियमचा पत्रा. हलका आणि देखणा. स्वतः गंजत नाही म्हणून लोकांना भुरळ घालतो. पण लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटले आणि मध्ये खारट पाणी आलं की ती एक प्रकारची बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी सुटते. मासळी, मीठ, खत वाहणाऱ्यांनी त्यापासून लांब राहावं. इतरांनी मध्ये रबर किंवा जाड रंगाचा थर ठेवावा.

प्लॅस्टिकचा साचा. हौद्याच्या मापाचं, वरून बसवायचं हे टबासारखं अस्तर अमेरिकेत फार चालतं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मापाचा साचा मिळणंच मुश्कील. शिवाय आपल्या पिकअपचे फाळके तिन्ही बाजूंनी खाली पडतात आणि टबाच्या भिंती तिथं आड येतात. साचा सैल बसला तर गाडीच्या थरथरण्यानं खालचा रंग घासून जातो. आणि त्याची गुळगुळीत पाठ मालाला घसरगुंडीच ठरते.

फवाऱ्याचं अस्तर. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा जाड थर थेट पत्र्यावर मारतात. तो पत्र्याला घट्ट चिकटतो, मध्ये पाणी शिरायला फट राहत नाही, वजन नगण्य. नव्या किंवा पूर्ण साफ केलेल्या हौद्याला हे उत्तम. जुन्या गाडीत मात्र तयारीच सगळं ठरवते. गंजाचा एक ठिपका राहिला तरी तो थराखाली पसरत जातो, आणि हा थर पुन्हा काढणं म्हणजे दिव्य! खर्चही सगळ्यात जास्त. गाडी आणखी किती वर्षं ठेवायची आहे, हा प्रश्न स्वतःला विचारूनच याच्या वाटेला जावं.

वजनाचा हिशेब

अस्तर विकणारा जाडी सांगतो, वजन सांगत नाही. ते घरीच काढता येतं. आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याचा तळ ४४ चौरस फूट, म्हणजे चार चौरस मीटरच्या थोडा वर होतो. एवढ्या तळाला ३ मिलिमीटरची लोखंडी चेकर्ड प्लेट घातली तर सुमारे १०० किलो वजन वाढतं. त्याच जाडीचं ॲल्युमिनियम ३५ किलोंच्या आत येतं. ६ मिलिमीटरचं रबर साधारण ३५ किलो, तर १२ मिलिमीटरचं प्लायवूड तीसएक किलो भरतं. गोठ्याची १७ मिलिमीटरची मॅट ८० किलोंच्या घरात जाते.

एक टन वाहणाऱ्या गाडीत १०० किलो म्हणजे दहावा हिस्सा. दिवसाला चार फेऱ्या असतील तर ४०० किलो माल कमी, दहा दिवसांत चार टन. माल कमी न करता तेवढाच भरला, तर ते वजन कमानी, ब्रेक आणि टायर सोसतात. शिवाय कायदा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये अशा दंडाची तरतूद झाली. काट्यावर अस्तराचं वजनही मालाच्या वजनातच धरलं जातं.

जुन्या गाडीला आणखी एक परीक्षा असते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्कही बरंच वाढलं. अशा वेळी कुजलेला हौदा झाकून नेण्यापेक्षा दुरुस्त करून नेलेला बरा. पैसे वाचतात, आणि लाजही.

डब्यातली ठिणगी, फवाऱ्यातला दमा

अस्तराच्या गप्पांत दोन धोके कुणी सांगत नाही.

पहिला पेट्रोलचा. शेतातल्या पंपासाठी, जनरेटरसाठी हौद्यातच कॅन ठेवून पंपावर पेट्रोल भरून घेतात. उघड्या लोखंडी हौद्यात धातूच्या कॅनवर साचणारी स्थिर वीज पत्र्यात निघून जाते. प्लॅस्टिकच्या अस्तरावर कॅन ठेवला की तिला वाट मिळत नाही. नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, ‘निऑश’नं, १९९८ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. उपाय फुकटचा आहे. कॅन खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि मगच भरायचा. हौद्यात कुठलंही अस्तर असो, ही सवय लावून घ्यावीच.

दुसरा धोका मालकाला नाही, फवारा मारणाऱ्या पोराला आहे. या अस्तराच्या रसायनात आयसोसायनेट नावाचा घटक असतो. फवारताना त्याचे सूक्ष्म कण हवेत पसरतात. ते श्वासातून आत गेले की दमा जडू शकतो. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही झटका येतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. याच ‘निऑश’नं २००६ मध्ये गाडीच्या हौद्याला फवाऱ्याचं अस्तर मारणाऱ्या कामगारांतला दमा आणि मृत्यू टाळण्यासाठी वेगळी सूचनापुस्तिका काढली. तोंडाला बांधलेला रुमाल इथं काहीच कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, अंगभर कपडे आणि दूषित हवा बाहेर खेचणारी बंदिस्त जागा लागते. म्हणून फवाऱ्याचं काम द्यायचं असेल तर भाव विचारण्याआधी जागा पाहावी. पत्र्याच्या शेडमध्ये बनियनवर फवारणारा मुलगा दिसला, तर मागं फिरावं. आपला पत्रा वाचवताना दुसऱ्याचं फुप्फुस जाऊ नये. दोन डबे मिसळून घरीच ब्रशनं लावायचे लेप मिळतात, त्यांच्या डब्यावरची सूचनाही याच काळजीनं वाचावी आणि काम उघड्यावर करावं.

बसवल्यानंतर

अस्तर घातलं की हौदा विसरायचा, असं होत नाही. कंपनीनं हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं दिलेली असतात. मॅट कापताना ती मोकळी राहतील असं माप घ्यावं. मॅट एकसंध घेण्यापेक्षा दोन तुकड्यांत घ्यावी, म्हणजे एकट्याला उचलता येते. ती कधीही चिकटवू नये. महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून खालची माती झाडावी, हौदा उन्हात वाळवावा. खत, मीठ किंवा दूध सांडलं तर त्याच दिवशी धुवावं. स्क्रूसाठी नवं भोक पाडलंच तर त्याच्या कडेला लगेच रंग लावावा, कारण प्रत्येक उघडं भोक म्हणजे गंजाचं नवं दार.

आणि फाळक्याकडे लक्ष द्यावं. तळाला सगळे जपतात, पण माल चढता-उतरता सगळा मार फाळक्याच्या आतल्या अंगाला आणि वरच्या कडेला बसतो. तिथं रबराची एक पट्टी बोल्टनं लावली तरी पुष्कळ काम होतं.

कानोत्याच्या पिकअपचं काय?

तर समजा, त्या पिकअपची तपासणी झाली. फाळक्याजवळचा हातभर पत्रा बद्द वाजला, बाकीचा धड निघाला. मग तिचा हिशेब सरळ आहे. तो तुकडा कापून नवा जोडायचा, गंज काढायचा, प्राइमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे. वर सहा ते दहा मिलिमीटरचं रबर दोन तुकड्यांत सुटं अंथरायचं. सिकंदऱ्याचा घडीव दगड न्यायचा त्या दिवशी रबरावर लाकडी फळ्या टाकायच्या, दगड त्यांवर टेकवून दोरानं आवळायचा. दुधाच्या फेरीला फळ्या घरी. लोखंडी प्लेटचे १०० किलो वाचले, फवाऱ्याचा खर्च वाचला आणि पत्रा हवा तेव्हा उघडून पाहता येतो. पुढं गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्यासमोर मॅट स्वतःच उचलून दाखवता येईल. याहून चांगली जाहिरात ती कुठली?

डबर वाहणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल, मासळीवाल्याचं आणखी वेगळं. लासलगावला कांदा आणि नारायणगावला टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्याला तर कदाचित नीट रंगवलेला तळ आणि पातळ मॅट एवढंच पुरेल. पण पहिली पायरी सगळ्यांची एकच, आधी पत्रा बघायचा.

याच कानोत्याच्या ठाकूर अमरसिंहांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत, तब्बल ४४ वर्षं रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड भरले आणि आज अभ्यासक त्यांतून त्या काळाचं राजस्थान वाचतात. पिकअपवाल्याला एवढं लिहायची गरज नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक चाळीस पानी वही आणि महिन्याला एक ओळ पुरे: मॅट कधी उचलली, खाली काय दिसलं, रंग कुठं लावला. गंज हळूहळू येतो, म्हणूनच तो लक्षात येत नाही. वहीतल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की मात्र तो लगेच दिसतो.